नकाशात नसलेली धावपट्टी

मी, या कागदांच्या शेवटी सही करणारा, वय एकसष्ट, व्यवसाय: अस्तित्वात नसलेल्या देशांचा इतिहास लिहिणे, आज आपल्या राहत्या घराच्या पुढच्या खोलीत बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घाई मात्र आहे. दोन वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेत माझे स्वरयंत्र काढून टाकले. आता दुखणे फुप्फुसात उतरले आहे आणि डॉक्टर महिन्यांऐवजी आठवड्यांत बोलू लागले आहेत. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. नंतर करायला वेळ मिळेल असे वाटत नाही.

हे कोणासाठी लिहितो आहे, ते आधीच सांगतो. माझ्या मुलीला मी चौदा वर्षांत एकोणीस पत्रे पाठवली. सगळी न फोडता परत आली. वकीलबाई म्हणतात की मृत्युपत्राची प्रत त्या वारसाच्या हाती स्वतः नेऊन देतील आणि पोच घेतल्याशिवाय दारातून हलणार नाहीत. मी त्यांना ओळखतो, त्या हलणार नाहीत. पत्र परत पाठवता येते, वकीलबाई परत पाठवता येत नाहीत. म्हणून हा खटाटोप.

कलम १. घर. हे घर, पुढच्या दोन खोल्या, मागची खोली आणि गच्चीवरच्या हक्कासह, माझ्या एकुलत्या एका मुलीला मिळावे. माझी धाकटी बहीण, जी शस्त्रक्रियेपासून माझे सगळे करते आहे, तिला हवे तितकी वर्षे मागच्या खोलीत राहू द्यावे. पहिल्या खर्ड्यात मी एक अट घातली होती: कलम ५ मधली गोष्ट मुलीने केली तरच घर तिचे. धाकटीने तो खर्डा वाचला आणि माझ्यापुढे आपटला.

"दादा, मेल्यावरपण हुकूम सोडणार का? जिवंतपणी सोडलेत ते कमी पडले?"

मी पाटीवर लिहिले, "ती नाहीतर करणार नाही."

"मग नाही करणार! घर देतोस की लाच देतोस?"

अट काढली आहे. घर बिनशर्त आहे. वकीलबाईंनीही सांगितले की मनातल्या गोष्टींवर कायद्याचा अंमल चालत नाही. मला हे जरा आधी कळायला हवे होते.

कलम २. बँकेतले जे काही उरेल, त्यातून दवाखान्याचे देणे आधी द्यावे आणि बाकीचे धाकटीला. ती नको म्हणेल. तिचे ऐकू नये.

कलम ३. माझ्या नावावर नसलेली मालमत्ता. वकीलबाईंच्या मते हे कलम निरर्थक आहे, पण माझी सगळी कमाई यातच आहे. एकवीस वर्षे मी लढाऊ विमानांच्या एका व्हिडिओ गेमच्या मालिकेसाठी देश बनवले. तिरोवा, कारदान आणि त्यांच्यामधले मिठाचे सरोवर. सात भाग, तीन युद्धे, दोन तह, त्यातला एक खोटा. खेळणारा या देशांवरून भन्नाट वेगाने जातो आणि त्याला खाली फक्त छपरे दिसतात. तरी मी कारदानच्या रेल्वेचे वेळापत्रक लिहिले होते. तिरोवाच्या पंतप्रधानाचा डावा गुडघा का दुखतो, तेही मला ठाऊक होते. ऑफिसात मला सगळे नकाशेवाले म्हणत. करारानुसार हे दोन्ही देश, सरोवर आणि पंतप्रधानाचा गुडघासुद्धा कंपनीचा आहे. मी त्यातले काहीच कोणाला देऊ शकत नाही.

जेवणाच्या टेबलावर पेन्सिलीने काढलेला पहिला नकाशा मात्र माझा आहे, कारण तो कंपनीने जुनाट म्हणून टाकून दिला होता. तो मुलीला. त्याच्यावर चहाचा एक गोल डाग आहे. तो तिच्या आईच्या कपाचा. त्या डागाच्या जागी मी पुढे कारदानची राजधानी वसवली.

कलम ४. स्टॉपवॉच. अशा खेळात कोणाचा चेहरा दिसत नाही. दोन्ही हात लढाईत गुंतलेले असतात, त्यामुळे गोष्ट सांगायची ती कानात, रेडिओवरून, दोन क्षेपणास्त्रांच्या मधल्या चार सेकंदांत. माझे कामच ते होते. वाक्य मोठ्याने म्हणायचे, घड्याळ दाबायचे, चार सेकंदांवर गेले की कापायचे. मरणारा वैमानिक असो की रडणारी राणी, चार सेकंद. हे घड्याळ मुलीला द्यावे. लहानपणी ती माझ्या हातातून ते ओढून घ्यायची आणि माझीच वेळ लावायची. "बाबा, पाच झाले! कापा!" चौथ्या वर्षापासून ती कमरेवर हात ठेवून घरातल्या सगळ्यांची हजेरी घ्यायची, म्हणून घरात तिचे नाव फौजदार पडले.

कलम ५. हे कलम लांब आहे. वकीलबाईंनी ते छोटे करा म्हणून सांगितले. केले नाही.

चौथ्या भागाच्या वेळी माझी पत्नी दवाखान्यात होती. त्याच आठवड्यात तिरोवाच्या राणीच्या अंत्ययात्रेचे ध्वनिमुद्रण होते. मी तीन दिवस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत बसून होतो, कारण नटांचे रडणे मला पटत नव्हते. तिसऱ्या दिवशी दुपारी पत्नी गेली. तिच्याजवळ फक्त फौजदार होती, वय वर्षे एकोणीस. मी पोचलो तेव्हा खाटेवरची चादरसुद्धा बदलून झाली होती.

महिनाभराने मुलगी बॅग घेऊन दारात उभी राहिली. भिंतीवर नवा छापलेला नकाशा लावलेला होता. ती म्हणाली, "एवढा मोठा नकाशा काढलात बाबा. त्यात आमचं घर कुठंय, तेवढं दाखवा." मला दाखवता आले नाही. ती गेली.

आता जे लिहितो आहे ते शुद्धीवर राहून लिहितो आहे. मी ते वाक्य वहीत उतरवून घेतले. ते मला चांगले वाटले. याहून मोठे कारण नाही. पाचव्या भागात एक वैमानिक तिरोवाचे सैन्य सोडून पळते, आणि सरोवराची हद्द ओलांडण्याआधी तिला पाडायची आज्ञा खेळणाऱ्याला मिळते. पडण्यापूर्वी ती रेडिओवर म्हणते, "एवढा मोठा नकाशा काढलात. त्यात आमचं घर कुठंय, तेवढं दाखवा." बरोबर चार सेकंद. अभिनेत्री ते म्हणताना खरेच रडली आणि दिग्दर्शकाने माझी पाठ थोपटली. त्या वैमानिकाला रेडिओवर हाक मारायचे नाव मीच ठेवले होते: फौजदार.

तो भाग बाजारात आल्यावर महिन्याभरात मुलीचा फोन आला. ती तेव्हा नोकरीला लागली होती आणि मैत्रिणींबरोबर राहत होती. तिचा आवाज अगदी शांत होता.

"बाबा, आज घरी चौघींनी मिळून मला पाडलं. टाळ्या वाजवल्या."

त्यानंतर आजपर्यंत एक शब्द नाही.

त्या आठवड्यात मी आमच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. खेळातल्या चुका शोधून काढणे हे त्याचे काम. मी त्याला सगळे सांगितले. त्याने हातातले पेन खाली ठेवले आणि म्हणाला, "नकाशेवाले, तुम्ही माणूस म्हणून फार वाईट आहात. बोला, काय करायचं?" डिस्कची दुसरी खेप छापायला जायची होती. चूक दुरुस्त केली असे दाखवून त्याने त्या मोहिमेत एक वाट घातली. खेळणाऱ्याने नव्वद सेकंद एकही गोळी झाडली नाही, तर फौजदार पडत नाही. ती सरोवर ओलांडते. पलीकडे एक धावपट्टी आहे, जी खेळणाऱ्याच्या नकाशात दाखवलेली नाही. तिथल्या मनोऱ्यावरून एक माणूस तिच्याशी बोलतो. त्या माणसासाठी नट आणायची सोय नव्हती. सामानाच्या कोठडीत दार लावून ते बोलणे मीच बोललो.

ही वाट तीन महिने टिकली. एका ग्राहकाची तक्रार आली की शत्रू पडतच नाही, खेळ बिघडला आहे. दिग्दर्शकाने शोध घेतला आणि मला बोलावले. "गोळी न झाडल्याचं बक्षीस? अहो, लोक विमानं पाडायला घेतात हा खेळ, सोडायला नाही!" तो धंद्याच्या बाजूने बरोबर होता. तरी मी त्याला माफ केलेले नाही आणि माझ्या अंत्यविधीला त्याला बोलावू नये. वाट काढून टाकली, मूळ ध्वनिमुद्रण पुसले, पुढच्या खेपांत ती मोहीम पहिल्यासारखीच आहे.

त्या खेपेची एक डिस्क आणि ती चालवणारे जुने मशीन माझ्या कपाटात, खालच्या खणात, पत्नीच्या शालीत गुंडाळून ठेवले आहे. माझा आवाज माझ्या हाताशी आता तेवढ्याच एका ठिकाणी आहे. घरी कोणी माझे बोलणे कधी साठवले नाही, आणि मी घरी असायचोच कुठे? एकोणीस पत्रांत मी हेच लिहिले होते की ये आणि ऐक.

डिस्क आणि मशीन मुलीला द्यावे. तिने पाचव्या भागातली सरोवराची मोहीम लावावी आणि नव्वद सेकंद बटणाला हात लावू नये. तिला खेळता येत नसले तरी चालेल, काहीच करायचे नाही. मनोऱ्यावरचा माणूस काय म्हणतो ते मी इथे लिहीत नाही. ते ऐकण्यासाठी आहे. कागदावर मी तिच्याशी आयुष्यभर बोललो, त्यातून हेच निष्पन्न झाले.

कलम ६. दुरुस्तीवाल्याला माझी खुर्ची द्यायची होती. तो साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, म्हणून वकीलबाईंनी डोळे वटारले. खुर्ची धाकटीला. तिने ती कोणाला द्यावी हे मी सांगत नाही.

येथवर मजकूर संपला. आज सकाळी साक्षीदारांसमोर सही करणार आहे.

पुरवणी. त्याच दिवशी, सकाळी साडेदहाला.

सही करण्याआधी मी दुरुस्तीवाल्याला मशीन लावून पाहायला सांगितले. मी स्वतः चार वर्षे ते लावले नव्हते, बिघडेल या भीतीने. मशीन सुरू झाले. डिस्क त्याने तिसऱ्या प्रयत्नात धरली. सरोवर आले, पांढरे मीठ आले, फौजदारचे विमान आले. दुरुस्तीवाल्याने दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले. धाकटी दारात पदर तोंडाला लावून उभी होती. मी घड्याळ दाबले. फौजदारचे वाक्य झाले. चाळीस. साठ. एकाहत्तराव्या सेकंदाला आतून कर्कश आवाज आला आणि पडदा काळा झाला. डिस्क बाहेर काढली तर तिला मधल्या गोलापासून काठापर्यंत तडा गेला होता.

धाकटी म्हणाली, "दादा, असं बघू नकोस रे माझ्याकडं."

दुरुस्तीवाला म्हणतो की त्या खेपेची डिस्क जगात कोणाकडे तरी असेलच, जुने सामान विकणाऱ्यांकडे तो शोधेल. शोधू दे. तो मिळवेपर्यंत मी नसेन आणि मिळवेलच असेही नाही. मला ओरडावेसे वाटते आहे आणि गळ्याला भोक आहे. माझ्याकडे पुन्हा कागदच उरला.

तर लिहितो. मनोऱ्यावरचा माणूस म्हणतो:

"फौजदार, खाली बघ. नकाशात नाही, पण धावपट्टी आहे."

"ते वाक्य तुझं होतं. मी चोरलं."

"आई गेली तेव्हा मी तिथं हवा होतो."

"दिवे लावलेत. घर हेच. उतर, बाळा."

प्रत्येक ओळ चार सेकंदांची आहे. यातली एकही मी कापलेली नाही. त्यानंतर फौजदारच्या उत्तरासाठी आम्ही अकरा सेकंद मोकळे ठेवले होते. अभिनेत्री पुन्हा मिळाली नाही, म्हणून तिथे फक्त इंजिनाची घरघर राहिली. ते उत्तर लिहायला दिग्दर्शकाने सांगितले असते तरी मी लिहिले नसते. तुझी वाक्ये मी पुन्हा घेणार नाही.

पेन्सिलीच्या नकाशावर, सरोवराच्या पलीकडे, त्या धावपट्टीच्या जागी आज एक ठिपका काढला आहे. तो जरा मोठा झाला आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली.
दिनांक: अकरा फेब्रुवारी.
मृत्युपत्र करणार: (सही) नकाशेवाले, फौजदारचे बाबा

साक्षीदार पहिले: (सही) उपचार करणारे डॉक्टर. मृत्युपत्र करणारे पूर्ण शुद्धीत होते आणि पुरवणी त्यांनी माझ्यासमोर स्वतःच्या हाताने लिहिली.

साक्षीदार दुसरा: (सही) दुरुस्तीवाला. त्यांना बोलता येत नसल्याने पुरवणीतल्या चार ओळी त्यांच्या खुणेवरून मी मोठ्याने वाचल्या. त्यांनी घड्याळ लावून वेळ तपासली, ती बरोबर भरली. शेवटच्या ओळीनंतर अकरा सेकंद झाले तेव्हा मी तसे सांगितले. त्यांनी मान हलवली, पण घड्याळ बंद केले नाही. आम्ही उठलो तेव्हा ते चालूच होते.