आवाज परत येईपर्यंत

हैदराबाद,
३ ऑगस्ट २०२५

ति. आबाजींना सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही फोन उचलून नाही राहिले, म्हणून हे पत्र. आजी सांगत होती, तुमचं म्हणणं आहे की फोनवर आता कोणीही दीक्षाच्या आवाजात बोलेल, पण दीक्षाचं इतकं गचाळ मराठी अक्षर कोणत्याच मशीनला काढता येणार नाही. थँक यू हं! इंग्लिश मीडियममध्ये तुम्हीच टाकलं होतं मला.

तो व्हिडिओ मी पाहिला. तुमचाच चेहरा, तुमचाच चष्मा, तुमचाच आवाज, आणि सांगताय काय, तर विहारातली अभ्यासिका बंद, तिथे लग्नाचा हॉल होणार. आबाजी, दोन सेकंद मलाही खरं वाटलं. तुमचा एक फोटो आणि जयंतीच्या भाषणाचा छोटासा तुकडा मिळाला की बस. कॉम्प्युटर आवाज शिकतो आणि फोटोतले ओठ त्याच्यासोबत हलवतो. कोणी केलं ते कळेल तेव्हा कळेल. पण अख्खी वस्ती तुमच्यावर चिडली आणि विहार कमिटीच्या मधुकररावकाकांनी अभ्यासिकेची किल्ली तुमच्याकडून काढून घेतली, हे ऐकून मला जेवण गेलं नाही. माझ्या जन्माच्या आधीपासून ती खोली तुम्ही उघडता!

माझा कॉलेजचा प्रोजेक्ट नेमका हाच आहे. बोलणं ऐकायचं आणि ते माणसाचं की मशीनचं ते ओळखायचं. महिन्याच्या शेवटी कमिटी किल्लीचं ठरवणार आहे ना? मी लॅपटॉप घेऊन येते. तोवर आजीच्या फोनवर तुमचं थोडं बोलणं रेकॉर्ड करून पाठवा.

राग फोनवर काढा, माझ्यावरची माया आहे तेवढीच राहू द्या.

तुमची,
दीक्षा


नंदनवन, नागपूर,
९ ऑगस्ट

चि. दीक्षाले आबाजीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र भेटलं. माह्या चष्म्यानं जमलं नाही, तुझ्या आजीले बोलवा लागलं. तिनं अर्धं वाचलं, अर्धं अंदाजानं सांगितलं.

रेकॉर्डिंग पाठवलं. पांढरा शर्ट घातला आणि उभं राहून संविधानाची उद्देशिका वाचली. आजी हसून राहिली होती, का आवाजच जाणार आहे तर इस्त्री काहून केली. तिले काय समजते! उद्देशिका काय बनियनवर वाचतात?

किल्लीचं मी कोणाले बोलत नाही. पण संध्याकाळ झाली का पाय तिकडेच जातात. किल्लीचं ठरेपर्यंत अभ्यासिकेले कुलूप, पोरं बाहेर ओट्यावर बसून अभ्यास करून राहिले. एकानं मले विचारलं, का आबाजी, तुम्ही असं काहून बोलले. त्याले काय सांगू? त्यानं तर मले बोलताना डोळ्यानं पाहिलं.

तुझी मशीन खरं बोलली पाहिजे, बेटा. बाकी इकडे ठीक. तब्येत सांभाळजो, म्हाताऱ्यायची याद ठेवजो.

तुझा आबाजी,
गोपाळ


हैदराबाद,
१५ ऑगस्ट

ति. आबाजींना सविनय जयभीम. वि. वि.

आधी वाईट बातमी. व्हिडिओ लावला, मशीन म्हणाली नकली. मी नाचलेच! मग तुमची उद्देशिका लावली. तीही नकली!! खरंच रडू आलं. आमचे सर म्हणाले, तुझी मशीन स्टुडिओतले आवाज ऐकून शिकली आहे, तिनं आबाजी कधी ऐकलेच नाहीत.

मग मी स्वतः कान लावून बसले. प्रत्येक ओळीनंतर तुम्ही थांबता. चांगले थांबता. आणि एकदम आठवलं. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत हरवलेल्या लेकरांची नावं तुम्ही माईकवर पुकारायचे, मी तुमच्या मांडीवर. दूरच्या भोंग्यातून आपला आवाज परत येईपर्यंत थांबायचं, मगच पुढचं नाव, नाहीतर दोन नावं एकमेकांत घुसतात. ती सवय तुम्ही घरीही सोडली नाही. भाजी वाढा म्हणतानासुद्धा मध्ये थांबता! आणि तुम्ही थांबलात की आजीचा फोन मागचा बारीक आवाजही पुसून टाकतो. मशीनला वाटलं, इथे तुकडे जोडलेत. नकली आबाजी मात्र सगळं एका दमात बोलून मोकळे.

आता मशीनला आपली माणसं ऐकवायची आहेत. आजीला सांगा, वस्तीतल्या जितक्यांचं जमेल तितक्यांचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करून पाठव. पण बातम्या वाचल्यासारखं नको. भांडा, भाव करा, रोज बोलता तसं बोला.

आणि एक. माझी मशीन आधी चुकली होती, हे मी बैठकीत सगळ्यांना सांगणार आहे. तुम्हाला चालेल ना?

आशीर्वाद जरा जास्तीचे पाठवा, या वेळी लागणार आहेत.

तुमची,
दीक्षा


नंदनवन, नागपूर,
२ सप्टेंबर

चि. दीक्षाले आबाजीचे आणि आजीचे पोटभर आशीर्वाद.

बैठकीत तू लॅपटॉपात पाहून राहिली होती, मी लोकांच्या तोंडाकडे. म्हणून तुले माहीत नाही ते लिहितो.

व्हिडिओ नकली निघाला, मी असली निघालो, तेव्हा टाळ्या पडल्या. शामलाबाई तर आजूनही सांगत फिरते, का मी नवऱ्याले झापलेलं ऐकूनच मशीन हुशार झाली. पण मधुकररावनं टाळी वाजवली नाही. तुझी गाडी गेल्यावर तो घरी आला, चहा पेला आणि किल्ली माह्या हातावर ठेवली. म्हणाला, मशीनचं त्याले काही समजलं नाही. पण जी पोरगी भरल्या बैठकीत सांगते का माह्या मशीननं माह्याच आबाजीले नकली ठरवलं होतं, ती खोटं बोलाले आली नाही, एवढं त्याले समजलं.

तो गेल्यावर आजीनं विचारलं, डोळे काहून पुसून राहिले. चष्मा साफ करत होतो म्हटलं. तिची मशीन जुनी आहे वं, लगेच नकली म्हणाली.

अभ्यासिका उघडली. पोरं आत बसले.

आता माहं ऐक. दसऱ्याले सुटी काढून येजो. दीक्षाभूमीवर हरवलेल्या लेकरांच्या माईकवर यंदा तुझं नाव दिलं आहे. मी बाजूले बसतो. नाव घेतलं का थांबजो. घाई करू नको. आपला आवाज दुरून परत आला, का मगच पुढचं नाव.

वाट पाहून राहिलो आहे. फोन केला तरी चालते, आता उचलतो.

तुझा असली आबाजी,
गोपाळ