हॅपी नेबरचं टेबल

५ जानेवारी, रविवार. दुपार.
उद्यापासून माझं आयुष्य बदलणार. तारीख लिहून ठेवते. पुढे लोकांनी विचारलं की बाई, हे सगळं कधी सुरू झालं, तर डोकं खाजवत बसायला नको.

उद्या आमच्या कॅसिनोत माझा खेळ लागतोय. हॅपी नेबर. मी शोधलाय. दहावीत शाळा सोडलेल्या बाईने. ट्रेलरच्या, म्हणजे आमच्या चाकांवरच्या घराच्या किचनमध्ये, सासू आणि नवऱ्याबरोबर, पैशांच्या जागी राजमा लावून.

खेळ सोपा. प्रत्येकाला तीन पत्ते. त्यातला सगळ्यात भिकार पत्ता उजवीकडच्याला द्यायचा, डावीकडून येईल तो गुपचूप घ्यायचा. पत्ते वाटणारा डीलर, म्हणजे मी, तोही त्याच गोलात. मग बेरीज करायची, डीलरपेक्षा जास्त झाली की जिंकलात. आम्ही घरी हसून हसून लोळलोय. वेगासच्या एका गणितवाल्याने कागदही करून दिला की यात घराला थोडं जास्त मिळतं. घर म्हणजे कॅसिनो. माझं घर नाही.

ग्लेन आमचा शिफ्ट मॅनेजर. त्याने साफ सांगितलं, शेल्बी, मार्चअखेरपर्यंत सरकारी जुगार बोर्डाची परवानगी आहे. खेळ चालला तर दिवसाची शिफ्ट आणि हे टेबल कायमचं तुझं. नाही चालला तर ब्लॅकजॅकच्या पत्त्यांच्या टेबलावरची तुझी जागा तोवर गेलेली असेल. मग शिफ्ट निवडायच्या रांगेत सगळ्यात शेवटी, म्हणजे मध्यरात्र ते सकाळ. त्या शिफ्टला इथे सगळे स्मशान म्हणतात.

मी म्हटलं, चालेल. म्हणताना आवाज चिरकला तो एसीमुळे.

आत्तापर्यंत संध्याकाळची शिफ्ट होती. घरी यायचे तेव्हा जोसी झोपलेली. दीड वर्षाची पोरगी, तिला मी फक्त सकाळी माहितीय, दात घासताना. डस्टिन, माझा नवरा, ट्रकवर. रात्रीची ती लोरेटाजवळ, म्हणजे सासूजवळ. लोरेटा वाईट नाही. टीव्ही लावून झोपते आणि पोर रडलं की आवाज वाढवते, एवढंच. उद्यापासून दिवसा काम, आता पोरीला मी झोपवणार. रोज. स्मशानबिशानचा प्रश्नच येत नाही.

मला अजिबात भीती वाटत नाहीये. पोटात दुखतंय ते राजम्यामुळे.

६ जानेवारी.
टेबल नंबर अकरा. बाथरूमच्या दाराला लागून. रोवेना शेजारच्या ब्लॅकजॅकवर असते, ती म्हणाली, अगं बाई, तुला तर त्यांनी मोरीत बसवलं. जळतात लोक. जागा मोक्याची आहे. माणूस कितीही श्रीमंत असो, दिवसातून तीनदा इथून जाणारच.

एक गिऱ्हाईक बसलं! बुटाची नाडी बांधली. मग त्याची बायको बाथरूममधून आली आणि ते गेले. पण बसला तर होता.

ग्लेनने छोटासा बदल केलाय. खेळणाऱ्यांनी एकमेकांना पत्ते द्यायचे नाहीत म्हणे, वर कॅमेऱ्यांतून लक्ष ठेवणारे वेडे होतील. सगळे पत्ते मी सरकवायचे. ठीक आहे. व्यायाम होईल. व्हायला गिऱ्हाईक पाहिजे, ते उद्या.

रात्री जोसीला मी झोपवलं. माझा अंगठा धरून झोपली. सोडेचना. तासभर तशीच वाकून उभी होते.

९ जानेवारी.
लोकांना खेळ आवडतोय. लांबून. येतात, पाटी वाचतात, विचारतात, हे कोणी खेळतं का? मी म्हणते, हो तर, खूप. मग ते रिकाम्या खुर्च्यांकडे बघतात, माझ्याकडे बघतात, आणि निघून जातात.

अडचण एवढीच की पहिलं बसायला कोणी तयार नाही. दुसरं बसायला सगळे तयार आहेत.

ब्रेकरूममध्ये मी गेल्यावर सगळ्यांनी खुर्च्या लांब सरकवल्या. गिऱ्हाइकं देतात त्या आमच्या टिपा एकत्र करून सगळ्या डीलरांत सारख्या वाटतात. रोवेना म्हणाली, शेल्बी, तू उभ्याउभ्या आमच्या टिपा खातेस, निदान मोरीवर झाडू तरी मार. बाकीच्यांनी नुसतं कॉफीत बघितलं. नवीन काही करणाऱ्याला हे सोसावंच लागतं. कोपऱ्यात बसून सँडविच खाल्लं. रडले नाही. कांदा होता.

१२ जानेवारी.
निश्चय: हसायचं. चेहरा खुलला की गिऱ्हाईक येतं.

दिवसभर हसले. दुपारी एक म्हातारी हळूच जवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, पोरी, घरून काही वाईट बातमी आलीय का?

निश्चय मागे.

१६ जानेवारी.
पाळण्याखाली विंचू निघाला. मी शांतपणे ओरडले. शेजारचे तीन ट्रेलर जागे झाले. लोरेटाने चपलेने मारला आणि म्हणाली, बाई गं, तू कॅसिनो काय बदलणार, तुला साधा विंचू बघवत नाही. हा संबंध मला कळला नाही.

पण लोरेटा कामाची आहे. डीलरच्या घरच्यांना त्याच्या टेबलावर खेळता येत नाही, पण उभं राहायला कोण नको म्हणतंय? उद्या ती गर्दी म्हणून येणार.

१७ जानेवारी.
लोरेटा आली. अनोळखी बाईसारखं उभं राहायचं ठरलं होतं. आल्या आल्या लांबून ओरडली, अगं शेल्बी, जोसीच्या ढुंगणाला पुरळ आलंय, क्रीम कुठे ठेवलीस? मग टेबलाजवळ येऊन मोठ्याने म्हणाली, काय भारी खेळ आहे बाई हा. पाचेक मिनिटं भारी वाटला. मग जुगाराच्या मशिनवर जाऊन बसली ती माझी शिफ्ट संपेपर्यंत. आणि तिथे जिंकली पण. सगळी गर्दी तिच्यामागे.

जोसी तोवर शेजारणीकडे. क्रीम कोणीच लावली नाही.

२१ जानेवारी.
लिहिताना एकटीच हसतेय. आनंदाने. यावेळी खरंच आनंदाने.

बसले! अर्विन आणि डोरीन. कॅनडातले म्हातारा-म्हातारी, दर हिवाळ्यात गाडीमागे चाकांचं घर जोडून इथे नदीकाठी येतात. डोरीनचे पाय दुखत होते म्हणून बसली. खेळ कळला, खिदळायला लागली. ते हसणं ऐकून बाकीचे आले. सहाच्या सहा खुर्च्या भरल्या! अर्विन म्हणाला, पोरी, हे तू शोधलंस? डोक्याने? मी म्हटलं हो. असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

आता हिशेब सोपा. एका कॅसिनोत एक टेबल. मग वेगास. मग जगभर. जोसीला स्वतःची खोली. खिडकीवाली. विंचू येत नाहीत अशा गावात.

२४ जानेवारी.
ग्लेन घड्याळ घेऊन माझ्यामागे उभा राहिला. म्हणाला, रोवेना एका तासात साठ डाव वाटते आणि तू अठरा. मी म्हटलं, सगळ्यांचे पत्ते मीच सरकवते ना, आणि लोक मधे हसतात, त्यात वेळ जातो. ग्लेन म्हणाला, हसायला बाहेर नदी आहे, फुकट आहे. इथे हरायला आलेत ते.

ग्लेनला दाढदुखी आहे. दाढ दुखणाऱ्या माणसाचं मत मी मनावर घेत नाही.

कंबर गेलीय.

२९ जानेवारी.
किरकोळ घटना.

डोरीन अर्विनच्या डावीकडे बसते. म्हणजे तिचा भिकार पत्ता त्याला. घरी राजम्यावर यात फार मजा यायची. आज तिने त्याला दुरी दिली, तो हरला. पुन्हा दुरी, पुन्हा हरला. तिसऱ्यांदा तिरी. अर्विनने चिप्स, म्हणजे पैशांऐवजी लावायच्या चकत्या, खाली ठेवल्या आणि बायकोकडे बघून हळू आवाजात म्हणाला, लग्न झाल्यापासून तू मला हेच देत आलीयस. डोरीन म्हणाली, माझ्याकडे जे होतं तेच दिलं रे, चांगलं होतं ते तुझ्या आईने ठेवून घेतलं. मग सगळं निघालं. आई, तिचं घर, कुठलीशी बोट, बोट विकल्याचं त्याने सांगितलंच नव्हतं ते.

बाकीचे चार जण पत्ते हातात धरून ऐकत होते. त्यानंतर एकही डाव झाला नाही. मी मधेच विचारलं, पुढचा वाटू का? एकाने हातानेच थांबवलं, त्याला बोटीचं ऐकायचं होतं.

हा नवरा-बायकोचा प्रश्न आहे, खेळाचा नाही. उद्यापासून जोडप्यांनी शेजारी बसायचं नाही.

३१ जानेवारी.
जोडपी लांब बसवली. आता अनोळखी भांडतात. एक ट्रकवाला शेजारच्या शिक्षिकेला म्हणाला, बाई, माझं तुमच्याशी काय वाकडं आहे? ती म्हणाली, माझ्याकडे दुरीच होती हो. तो म्हणाला, हातात तीन पत्ते होते ना? ती रडली. उठून गेली. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच तिला रडवलं.

ब्लॅकजॅकवर माणूस हरला की नशिबाला शिव्या देतो. डीलरला देतो, देवाला देतो. इथे शेजारी सापडतो. नेमका, नावासकट, कोपर लागेल इतक्या जवळ. हे राजम्यावर लक्षात आलं नव्हतं.

नाव बदलायचं का? नको. पाटी छापून झालीय.

४ फेब्रुवारी.
पुन्हा रिकामं. अर्विन लांबून हात करतो. एकटाच असतो. डोरीन आता पलीकडे बिंगो खेळायला जाते.

रोवेना म्हणाली, राणी, तुझ्या हॅपी नेबरने लोकांची घरं मोडायला लागली, आता दुसऱ्या खोलीत वकील बसव, दोन्ही धंदे चालतील. सगळे हसले. मी पण हसले. मग बाथरूममध्ये जाऊन आले. जवळ आहे, ही सोय आहेच.

११ फेब्रुवारी.
ग्लेन म्हणाला, महिनाअखेर बघतो. मार्चअखेरची मुदत आता फेब्रुवारीअखेरची झाली. का, ते मी विचारलं नाही. त्याची दाढ सुजलीय, त्यात कशाला.

जोसी आता माझ्याशिवाय झोपत नाही. लोरेटा तोंड वाकडं करून म्हणाली, लावलीस सवय? मग स्मशान शिफ्टला गेलीस की रात्रभर हिचं रडणं मी ऐकायचं का? मी म्हटलं, तशी वेळ येणारच नाही. जोरात म्हटलं. पोरगी दचकून उठली.

१८ फेब्रुवारी.
यश! यश! यश!

सगळं पहिल्यापासून लिहिते. ग्लेन दाढ काढायला गेला. बदली आलेल्या माणसाला माझ्या खेळाचे नियम माहीत नव्हते. कोणालाच नाहीत, हाच तर एवढे दिवस त्रास होता. आज तो कामी आला.

दुपारी अर्विन येऊन बसला. पाठोपाठ डोरीन पण आली, दोन खुर्च्या सोडून. मग आणखी चौघं. वाटलं आता पुन्हा जुंपणार. तेवढ्यात डोरीन म्हणाली, पोरी, भिकार पत्ता शेजाऱ्यालाच कशाला? आम्ही सगळे तुलाच देतो ना. तू काही रागावणार नाहीस. अर्विन म्हणाला, हां, ही बाई पहिल्यांदा शहाण्यासारखं बोलली. सगळे म्हणाले, हां हां, डीलरला द्या.

मला नाही म्हणता येत नाही. सहा माणसं एकदम बघायला लागली की मी हो म्हणते. लग्नालाही तशीच म्हणाले होते.

मग काय! सगळ्यांच्या दुऱ्या-तिऱ्या माझ्याकडे, माझे आधीचे पत्ते बाजूला आणि त्यातलेच तीन माझे. प्रत्येक डाव मी हरले. लोक ओरडतायत, टाळ्या पडतायत. खुर्च्यांमागे गर्दी. रोवेनाच्या टेबलावरची माणसं उठून इकडे आली! पूर्ण दुपार! अर्विनने डोरीनचा हात हातात घेतला. एका माणसाने मला मिठी मारायचा प्रयत्न केला, हात रिकामे आहेत हे कॅमेऱ्याला दाखवत मी मागे सरकले.

आणि टिपा! ब्रेकरूममध्ये रोवेनाने स्वतःहून मला कॉफी दिली.

एकच कळत नव्हतं, बदलीवाला माणूस चिप्सचे ट्रे पुन्हा पुन्हा का मागवतोय. पण मोठ्या यशाला सामान लागतंच.

खेळात कुठे अडलं होतं ते आता कळलं. घरी जाऊन जोसीला उचलून नाचवलं.

१९ फेब्रुवारी.
ग्लेनचा गाल केवढा सुजलाय. त्यामुळे काय बोलत होता ते सगळं नीट कळलं नाही. कळलं तेवढं लिहिते. बोर्डाने ज्या नियमांवर परवानगी दिली ते नियम डीलरला वाटलं म्हणून बदलत नाहीत. वरच्या लोकांनी दुपारचं सगळं चित्रण बसून बघितलं. दोनदा. ग्लेन म्हणाला, शेल्बी, इतकी वर्षं मी या धंद्यात आहे, गिऱ्हाइकांनी उभं राहून कॅसिनोचा जयजयकार केलेला कधी बघितला नव्हता.

मी म्हटलं, बघा ना.

तो म्हणाला, तुझी नियत खोटी नव्हती हे मी वर सांगितलंय, म्हणून नोकरी आहे. पण पत्त्यांना परत हात लावायचा नाही. ब्लॅकजॅक नाही. स्मशान शिफ्टपण नाही.

स्मशान शिफ्टपण नाही! हे ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी थँक यू म्हटलं. तो बघतच राहिला.

२४ फेब्रुवारी.
टेबल नेलं. दोन माणसं आली, आडवं केलं, बाथरूमशेजारच्या बोळातून जाईना, मग त्याचे पाय काढले. अर्विन-डोरीन बघत उभे होते. डोरीन म्हणाली, मेलं, आत्ता कुठे रंगात आलं होतं. मग दोघं हातात हात घालून बिंगोला गेली.

मी दुःखी नाही. जगात सगळीकडे हे असंच होतं म्हणे. रोवेनाने सांगितलं, दरवर्षी किती खेळ येतात, किती जातात, लोक शेवटी ब्लॅकजॅकवरच बसतात. मला जवळ घेतलं. तिच्या टेबलावर गर्दी होती, म्हणून ती लगेच परत गेली.

३ मार्च. संध्याकाळ.
त्या जागेवर आता हॉटडॉगची गाडी लावलीय. गाडीवर मी. लाल टोपी. सकाळी आठ ते चार, कायम. म्हणजे दिवसाची शिफ्ट मिळालीच. ग्लेनने शब्द पाळला असंच मी सगळ्यांना सांगतेय.

पहिल्याच दिवशी रांग लागली. पार मशिनपर्यंत. नवीन तिखट सॉस आलाय, त्यात काय आहे कोणालाच माहीत नाही. कोणी विचारलंही नाही. पहिलाच माणूस म्हणाला, घाल बाई, भरपूर घाल.

ग्लेनला सुचवून बघितलं की प्रत्येक हॉटडॉगबरोबर एक पत्ता द्यावा, आणि ज्याला दुरी येईल त्याने. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तो गेला.

आंघोळ करून साडेसातला जोसीला जवळ घेतलं. दोनदा शाम्पू लावूनही तळलेल्या कांद्याचा वास केसांतून जात नाही. तिने नाक वर केलं, एकदा शिंकली, आणि हात पसरून लोरेटाकडे गेली. तिच्या मांडीवर पाच मिनिटांत गाढ. टीव्ही चालू होता.

दमली असेल. मी पण आडवी झालेय. घर कसं शांत आहे, आणि माझी रात्र सगळी मोकळी.