पावडर क्रमांक सात

३ मार्च
आजपासून कोणावरही विश्वास ठेवायचा नाही. ग्लासफायबरचे धागे घातलेल्या माझ्या प्लास्टिकच्या पेटंटला पलीकडच्या कंपनीने हरकत घेतलीय. म्हणे यात नवीन काही नाही, धागे घट्ट धरायला ते दोन टक्के पावडर कधीपासूनच घालतात. अहो, पण मी अडीच टक्के घालतो! हा अर्धा टक्का कुणाच्या बापाला सुचला होता? पेटंट मिळालं तर नव्या लॅबचा प्रमुख मी. नाहीतर निवृत्त होईपर्यंत बाथरूमशेजारचं हेच टेबल.
त्यांना एवढं कळलं कसं? आमच्या कंपनीच्या वकीलबाई म्हणाल्या, अर्ज छापून प्रसिद्ध होतो, कोणीही वाचतं. त्यांच्यावरही लक्ष ठेवायला हवं.

४ मार्च, सकाळी ९.१०
मुख्य संशयित : मेहुणा. त्याच कंपनीत आहे. कॅन्टीन सांभाळतो, पण सगळं ऐकायला मिळतं ते तिथेच. परवा जेवताना त्याने विचारलं, काम कसं चाललंय. म्हणे सहज! मी ताटावरून उठलो. ही म्हणाली, तुमच्या डोक्यावर परिणाम झालाय. हिचंही नाव यादीत घातलं. शेवटी भाऊ तिचाच.

९ मार्च
मशीनवाल्या मावशी. अकरा वर्षं मिक्सिंग मशीन चालवतात, खाली मान घालून काम करतात. तेच खटकतं. पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. पहिल्याच बॅचला बजावलं होतं, चिठ्ठीप्रमाणे माल टाकायचा, प्रश्न विचारायचे नाहीत. चिठ्ठीत पावडरचं नाव नाही, नुसतं ‘क्रमांक सात’. आणि डब्यावर मी लिहून ठेवलंय ‘उंदरांचं औषध’. आता काढा म्हणावं माहिती.

१७ मार्च
पलीकडचे तज्ज्ञ येणार. त्यांच्यासमोर एक बॅच पावडर घालून, एक न घालता करायची, दोन्हींच्या पट्ट्या ओढून बघायच्या. वकीलबाईंनी विचारलं, खात्री आहे ना? मी नुसता हसलो. नव्या लॅबच्या दाराची रुंदी मोजून आलो. पाटी जरा मोठीच करावी लागेल.

२४ मार्च, दुपारी ३.४०
पावडरची बॅच मी स्वतः केली. दुसऱ्याच्या हातात डबा देतोय कोण! पट्टी ओढली आणि कट्टकन तुटली. मग बिनपावडरची, मावशींनी केलेली. ओढली, आणखी ओढली, मशीन कुरकुरायला लागलं तरी पट्टी तशीच. पलीकडचे तज्ज्ञ हसलेसुद्धा नाहीत, अर्धा टक्का जास्त झाला की ठिसूळ होतं, एवढंच म्हणाले. म्हणजे नक्कीच त्यांचा हात आहे.

२५ मार्च
मावशींना गाठलं. वर्षभर त्यांनी पावडर घातलीच नव्हती!
“क्रमांक सातचा डबा कपाटात नव्हताच, साहेब. विचारायचं नाही म्हणालात. धागे नीट धरेनात, म्हणून मी ते आधी हीटरवर शेकून घ्यायला लागले.”
आणि मी नाव बदललेला तो डबा? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. उंदरांचं औषध मशीनमध्ये कोण टाकेल?
 घरी येऊन नीट विचार केला. धागे शेकायची वेळ माझ्या गुप्ततेमुळेच आली ना? मग शोध माझाच.

२ एप्रिल
वकीलबाई खूश. पावडरशिवाय, नुसते धागे शेकून इतकी ताकद, हे जुन्या कुठल्याच पेटंटमध्ये नाही. पलीकडच्यांना हरकत घ्यायला जागाच नाही. नवा अर्ज तयार. शोधकर्त्याच्या रकान्यात एकच नाव, मावशींचं.
मी म्हटलं, माझाही थोडाफार वाटा असेलच की. वकीलबाईंनी मावशींनाच विचारलं. मावशींनी माझ्या जुन्या चिठ्ठ्या चाळल्या. माझ्यासाठी काहीतरी शोधत होत्या, हे स्पष्ट दिसत होतं.
“साहेबांनी काही विचारू दिलं नाही ना,” त्या मायेने म्हणाल्या, “नाहीतर मी पावडर शोधून घातली असती.”
वकीलबाई म्हणाल्या, याला फॉर्मवर रकाना नाही. मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी कागद उलटून माझ्यापुढे सरकवला. साक्षीदाराची एक सही लागते.
केली.