'कुंपण्या'चं कार्ड

प्रिय भांडकुदळ,

आठ महिन्यांनी लिहितोय, तेही कचेरीच्या टेबलावरून. आमच्या शब्दकोशाची नव्या शब्दांची पुरवणी निघतेय आणि चौकातल्या पुतळ्याच्या भांडणातून जन्मलेले शब्द माझ्या गळ्यात पडलेत. पुतळा ठेवा म्हणणारा 'चौथऱ्या', हटवा म्हणणारा 'पाडूभाऊ'. ही दोन कार्डं चहा गार व्हायच्या आत लिहून झाली. तिसऱ्याशी मात्र चार दिवस झटतोय आणि डोक्याचा पार भुगा झालाय.

तिसरा शब्द 'कुंपण्या'. आधी लिहिलं, 'वादात बाजू न घेणारा भित्रा माणूस'. खोडलं. मग लिहिलं, 'दोन्ही बाजू ऐकून घेणारा'. तेही खोडलं, स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखं वाटलं. आमचा न्हावी तर हल्ली गिऱ्हाइकांना सांगतो, मी पक्का कुंपण्या, निर्धास्त बसा. शिवी आहे की शाबासकी, काही कळेनासं झालंय.

जेवताना पुतळ्यावरून तुझी आणि आईची जुंपली की मी पाण्याचा जग भरायला उठायचो, आठवतं? भरलेला असला तरी. वाटायचं, एकीची बाजू घेतली तर दुसरी घर सोडून जाईल. गप्प बसलो, तरी तू गेलीसच. मग त्या गप्प बसण्याचा उपयोग काय झाला, हे मला अजून उमगलेलं नाही. खरं सांगू? पुतळ्याबाबत मला तुझंच पटत होतं. काल हे आईला सांगून टाकलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये, पण सकाळी तुझ्या खोलीतला पंखा पुसताना दिसली.

आता कामाचं. आमच्याकडे प्रत्येक शब्दाखाली त्याचा सर्वांत आधी सापडलेला वापर छापतात आणि ज्याचं वाक्य त्याची सही घ्यावी लागते. या शब्दाचं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी शोधून आणलं. तू गेलीस त्या दिवशीची तुझी पोस्ट: 'माझा बाबा कुंपण्या आहे, आणि मला सगळ्यात जास्त आठवण त्याचीच येणार आहे.' त्या दिवशी मी स्वल्पविरामापर्यंतच वाचलं होतं गं, आणि फोन बंद करून टाकला होता. वाक्य पूर्ण छापायचंय. अर्थाची जागा कोरी ठेवलीय. सही करायला घरी ये, आणि अर्थही तूच लिही.

तुझाच, कुंपणावरून उतरताना गुडघा खरचटलेला,
बाबा