रोझच्या अक्षरातलं नाव

शारजा, इंडस्ट्रियल एरिया

प्रिय मार्क,

गोंदण काढायच्या लेझरच्या सहा सिटिंग, प्रत्येकी साडेचारशे दिरहम. म्हणजे आपले पासष्ट हजार रुपये. लोकांना मी एवढंच सांगत आलो. त्यात तुझ्या मनगटावरचं 'रोझ' गेलं, तुझ्या आईचं नाव, तेही तिच्याच अक्षरातलं, हे कधी धरलं नाही. ज्या चिठ्ठीवरून तू ते गोंदवलंस ती तर तिच्या शवपेटीत गेली.

गॅरेज चाललंय. उन्हाळ्यामुळे एसी दुरुस्तीच्या गाड्या रांगेत उभ्या आहेत. तुझ्या खुर्चीवर कामावरचा सुजीत बसला की मी ओरडतो. तू वसईला जाऊन चौदा महिने झाले, एक फोन नाही.

मी छाती फुगवून काय म्हणायचो आठवतं? तीस वर्षं गाड्यांखाली पडून अरबी शिकलोय, डोकं बॉनेटमध्ये असलं तरी गिऱ्हाईक फोनवर काय बोलतं ते या कानातून सुटत नाही. जबल अलीच्या गोदामात तू अर्ज केलास, त्याच आठवड्यात तिथला मॅनेजर खलफान गाडी घेऊन आला होता. फोनवर सांगत होता, ते गोंदण लेझरने काढायचं, असलं चालायचं नाही. मी लगेच तुझी अपॉइंटमेंट घेतली. तू म्हणालास, पपा, त्याला एकदा विचारा तरी. मी म्हटलं, या कानांनी ऐकलंय, खलास. तिसऱ्या सिटिंगला कातडी फोडासारखी फुगली. तू दात आवळून बसलास. सहा सिटिंग होईतो गोदामातली नोकरीची जागा भरली होती.

परवा खलफान आजीला घेऊन आला. तिच्या हनुवटीवर तीन निळे ठिपके. मला म्हणाला, जोकिम, हबीबी, तू तरी समजाव, हे हराम आहे, क्लिनिकवाला तयार आहे, ही ऐकत नाही. म्हातारीने चहा खाली ठेवला. म्हणाली, माझ्याआधीची तीन भावंडं गेली. मी तरी जगावं म्हणून आईने दिव्याची काजळी बाळंतिणीच्या दुधात कालवून सुईने हे टोचले. आईचा फोटो नाही, कबरीवर नाव नाही. एवढाच तिचा हात उरलाय, तोही पुसू? खलफान कंटाळून हसला. दोन वर्षं घरच्यांशी फोनवर माझं हेच चाललंय, म्हणाला.

मी हळूच विचारलं, तुमच्या गोदामात गोंदवलेली माणसं चालतात का? तो म्हणाला, तिथे कोण मनगटं बघत बसतं?

मार्क, हे तुला तोंडाने सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितोय. त्या दिवशी मी ऐकलेला शब्द न् शब्द बरोबर होता. खलफान त्याच्या आजीबद्दल बोलत होता.

तुझाच,
पपा