माझ्या आडनावाचं प्रोटीन

२ जानेवारी
संकल्प: (१) जूनच्या आत पेपर. (२) मूर्खांशी वाद नाही. (३) रोज सकाळी चालणं.
डायरेक्टरनी बोलावून सांगितलं की सहा वर्षांत एकही पेपर नाही, जूनच्या रिव्ह्यूत काही दाखवलं नाही तर माझी लॅब समोरच्याला देतील. समोरचा म्हणजे कॉरिडॉरपलीकडचा. दिवसभर मास्क लावून पेशींपुढे मुक्यासारखा बसतो. अशा मठ्ठ माणसाला लॅब!

५ जानेवारी
चालणं सोमवारपासून.

१९ जानेवारी, स. ११.४०
सापडलं! माझ्या फ्लास्कमधल्या पेशी एक प्रोटीन बाहेर सोडतात, ते जगातल्या कुठल्याच यादीत नाही. प्रोटीनं वेगळी करून दाखवणाऱ्या जेलवर त्याचा जाडजूड बँड, म्हणजे पट्टा. टेक्निशियन बाईंच्या फ्लास्कमध्ये त्याच पेशी, पेशींना वाढवणारा द्रव, म्हणजे मीडियाही तोच, पण प्रोटीन औषधालाही नाही. सव्वीस वर्षं नोकरी करून बाईंच्या हाताला गुण तो नाहीच. प्रोटीनला माझं आडनाव दिलं. कोणाला विचारायची गरज वाटली नाही.

३ फेब्रुवारी
बाईंना शिकवायला घेतलं. पेशी हाताळायच्या हुडमध्ये डोकं घालून, त्यांच्या तीन फ्लास्कवर दोन तास समजावलं. बाई म्हणाल्या की साहेब, मास्क लावा. मी म्हटलं, मास्कमधून शिकवलेलं डोक्यात शिरत नाही. शिवाय मास्क हा धांदरट लोकांसाठी असतो. त्यांनी स्वतःचा मास्क नाकावर आणखी वर ओढला. पटलं असावं.

२० फेब्रुवारी
बाईंच्या फ्लास्कमध्येही प्रोटीन! ज्या तीन फ्लास्कवर मी शिकवलं, नेमकं त्याच तिन्हींत. शिकवावं तर असं.
जेवताना बायकोला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली की आधी घास गिळ, अर्धं जेवण माझ्या ताटात उडतंय. बावीस वर्षांच्या संसारात विज्ञानाची एवढीच कदर.

९ मार्च
घसा बसला. डॉक्टर म्हणाले, दहा दिवस तोंड उघडायचं नाही. बायको इतकी खूश मी लग्नातही पाहिली नव्हती. फ्रीझरमधल्या पेशी काढून नवे फ्लास्क लावले. मुकाट्याने.

२६ मार्च
नव्या फ्लास्कमध्ये प्रोटीन नाही. एकातही नाही! मी आजारी असल्याचा फायदा घेऊन बाईंनी मीडिया बिघडवला असणार. नशिबाने आवाज परत आला होता. हुडपाशीच उभं राहून सगळा वापरला.

१४ एप्रिल
प्रोटीन परत. बाई वठणीवर आल्या. पेपर धाडला. चालण्याचे बूट आणले.

१२ मे
पेपर तपासणाऱ्याचं पत्र. विचारतो की पेशींना मायकोप्लाझ्माची लागण नाही ना, याची तपासणी केली आहे का. हा साध्या मायक्रोस्कोपखाली न दिसणारा बारका जंतू, गबाळ्या लॅबमध्ये होतो. मला विचारतो! तपासणारा बहुधा समोरचाच. तपासणी करणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

१५ मे
बाईंनी मला न विचारता नमुने पाठवले. लेखी खुलासा मागवणार.

३० मे
रिपोर्ट आला. लागण आहे, माझ्या झाडून सगळ्या फ्लास्कना. प्रोटीन पेशींचं नाही, त्या जंतूचं. आणि हा जंतू माणसाच्या तोंडात राहतो. बोलताना उडतो.
बाई कागद टेबलावर ठेवून पंखा लावून गेल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.


३१ मे
कोणाचं तोंड, हे रिपोर्टमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. समोरच्याचं तपासायला हवं. तो बोलत नाही, हेच संशयास्पद आहे.

२० जून
रिव्ह्यू. बारा मिनिटांत संपला. लॅब समोरच्याला, बाईही समोरच्याला. मला जिन्याखालची खोली. डायरेक्टर म्हणाले की तुम्हाला बोलायची आवड आहे, तर नव्या विद्यार्थ्यांना स्वच्छतेवर लेक्चर द्या. टोमणा होता की कौतुक, कळलं नाही. कौतुकच असावं.
बूट दुकानदार परत घेत नाही.

१ जुलै, दु. ३
लेक्चर झालं. दारातच बाईंनी हातात मास्क ठेवला. लावला. मागच्या दोन रांगांना काही ऐकू गेलं नाही.
शेवटी एका मुलीनं मला सोडून बाईंना विचारलं की फ्लास्क खराब झालाय हे ओळखायचं कसं. बाई चाचरल्या, माझ्याकडे बघून घेतलं, मग म्हणाल्या की जेलवर साहेबांच्या आडनावाचा बँड दिसला की सरळ फेकून द्यायचा.
चाळीस पोरांनी वह्या उघडल्या. आडनाव चुकीचं लिहू नयेत म्हणून फळ्यावर मीच मोठ्या अक्षरात लिहून दिलं.