दुखवट्यात चालणारी गाणी

बाबा,

मी डोलवीला कारखान्यात शिफ्टला चालले. डाळ टोपात हाय, गरम करून घे.

तुझ्या मोबाईलवर ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांची दुःखाची गाणी टाकलीत. आधी बेसी स्मिथ या बाईंचं ऐक, मग मडी वॉटर्सचं. आईचा दुखवटा म्हणून तू बँडचं क्लॅरिनेट पेटीत घातलंस, ते वर्षश्राद्ध झालं तरी बाहेर काढलं नायस. ही माणसं तर दुःख झालं की वाजवायलाच बसतात. शेजारच्या धोंडुबाईने नाक मुरडलं तर माझं नाव सांग.

क्लॅरिनेटला नवी रीड लावून ठेवलीय. मी येईन तेव्हा वाजवत असलास तर थांबू नकोस. मी पडवीत बसून ऐकेन, आई बसायची तिथंच.

जनी